पडद्याआडची चामखीळ

घाटकोपरच्या माझ्या त्वचारोगांच्या दवाखान्यात गुप्तांगावरच्या चामखिळीचा पेशंट आधी खरं कारण सांगतच नाही. 'खाज येते' म्हणतो. तपासायला पडदा ओढला की हळूच, 'डॉक्टर, तिथं कोंब आलेत.' तोवर चुना नाहीतर मेडिकलमधून आणलेलं कुरुपाचं औषध लावून झालेलं असतं. नाजूक कातडी भाजलेली, चामखीळ जागच्या जागी!

हे कोंब एचपीव्ही या विषाणूमुळे येतात. सुमारे 90 टक्के वेळा त्याचे 6 आणि 11 हे प्रकार असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचे मुख्य प्रकार 16 आणि 18, ते निराळे. हे कळलं की पेशंटचा जीव भांड्यात पडतो.

लहान चामखिळीवर मी द्रवरूप नायट्रोजन फवारते, उणे 196 अंशांचा. चामखीळ पांढरी, टणक होते. भोवती बारीक पांढरी कड उमटली की थांबायचं, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. नंतर फोड येतो, खपली धरते. पोडोफायलिन ही वनस्पतीपासून काढलेली तपकिरी राळ. भोवती व्हॅसलीन लावून कापसाच्या काडीनं ती फक्त चामखिळीवर टेकवायची आणि काही तासांनी धुवायला सांगायची. गरोदरपणात ती वर्ज्य. मोठे गुच्छ भूल देऊन जाळावे लागतात. घरी लावायला इमिक्विमॉड मलम मिळतं, पण त्याला आठवडेच्या आठवडे चिकाटी लागते. एवढं करूनही पहिल्या तीन महिन्यांत कोंब पुन्हा येऊ शकतात, कारण विषाणू कातडीत उरतो.

उपचारापेक्षा अवघड जातो तो एक प्रश्न: 'हे कुणाकडून आलं?' लागण झाल्यापासून कोंब दिसेपर्यंत काही आठवडे, महिने, कधी वर्षंही जातात. लागण कधीची, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. एवढ्यावरून संसार मोडायला निघालेली जोडपी मी पाहिली आहेत. म्हणून दोघांना समोर बसवूनच बोलते, दोघांनाही तपासते, एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी करायला सांगते. निरोध धोका कमी करतो, पूर्ण टाळत नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांवर आहे. आलेली चामखीळ तिनं जात नाही, म्हणून ती शरीरसंबंध सुरू होण्याआधी, किशोरवयातच द्यावी.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये जा. तिथं तपासणी आणि समुपदेशन मोफत असतं, नाव गुप्त ठेवतात. चुना मात्र लावू नका.