हवा भरली, तरी दिवा जातच नाही

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीलगतचं पालेगाव. ट्रकांची ये-जा, पावसाळ्यातले खड्डे, अधूनमधून खिळा. इथे गाडी बाळगणाऱ्याला डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा अनोळखी नसतो: घोड्याच्या नालासारखी आकृती, आत उद्गारचिन्ह. पंक्चरवाल्याकडे हवा भरून घ्यायची आणि दोन दिवसांनी दिवा पुन्हा हजर!

खरं तर हा दिवा दोन वेगळ्या तक्रारी करतो. गाडी सुरू केल्यावर पेटून स्थिर राहिला, तर बहुधा हवा कमी आहे. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत हवेचा दाब तपासणारी यंत्रणाच बिघडलेली असते. तिथे कितीही हवा भरा, उपयोग शून्य.

बिघाड शोधण्याआधी आपल्या गाडीत दाब ओळखण्याची कोणती पद्धत आहे ते पाहावं. एका पद्धतीत प्रत्येक चाकात, वॉल्व्हच्या आतल्या टोकाला सेन्सर असतो आणि तो रेडिओ लहरींनी दाब कळवतो. त्याची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. बहुतेक सेन्सरांत ती बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. सेन्सर नसलेली स्टेपनी लावली तरी दिवा लागतो, तो बिघाड नव्हे. टायर रिमवरून उतरवताना पट्टीचा नेम चुकला, की मात्र सेन्सर तुटलाच.

दुसऱ्या पद्धतीत चाकात काहीच नसतं. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जास्त फेरे घेतं. एबीएसचे सेन्सर तो फरक हेरतात. चारही चाकांची हवा सारखीच उतरली, तर ही पद्धत फसू शकते. हवा भरल्यावर इथे रीसेट करावं लागतं, आणि घोळ होतो तो इथेच. दिवा घालवायचा म्हणून हवा न भरताच रीसेट केलं, तर गाडी तो कमी दाबच बरोबर धरून बसते.

हवा तपासायची ती टायर थंड असताना. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की दाब एक पीएसआयच्या आसपास घटतो. थंडीच्या सकाळी पेटलेला दिवा दुपारी विझला, तर हवा पुरेशी आहे असं समजू नये. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल दाबाचा, तो भरू नये.

हे सगळे लाड कशाला, असं वाटेल. अमेरिकेत फायरस्टोनचे टायर फुटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटल्या आणि २००० साली तिथे ही यंत्रणा सक्तीची करणारा कायदा झाला. आपल्याकडे २०२० च्या नियमबदलाने, ही यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्ती किट असलेल्या गाडीला स्टेपनी न ठेवण्याची मुभा दिली. अशा गाडीत दिवा दुर्लक्षून आमण्याहून समृद्धी महामार्गावर चढणं हा शुद्ध वेडेपणा.

टायर उतरवण्याआधी पंक्चरवाल्याला एवढंच सांगा: ‘दादा, आत सेन्सर आहे, जपून.’