चिखलाला हात न लावणारं लेकरू

मंडळी, पोळ्याला मातीचे बैल करायला पोरं बसतात, तेव्हा एखादं लेकरू लांबच उभं राहतं. कणकेला शिवत नाही. डोक्याला तेल लावताना, नखं काढताना घर डोक्यावर घेतं. आपण म्हणतो, लाडावलंय. तसं नसतं हो. काही मुलांना स्पर्श खरोखरच जास्त जाणवतो. ए. जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी १९७२ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

एक लक्षात घ्या. अशा मुलांना हलका, अचानक झालेला स्पर्श खटकतो; सांगून दिलेला घट्ट दाब पुष्कळदा चालतो.

खेळणी विकत आणायचं काम नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत परिसरातल्या वस्तूंनीच शिकवलं. आपल्याकडे ज्वारी आहे. परातीत ओता. पहिल्या दिवशी हात नको, पळी द्या. या वाटीतून त्या वाटीत करू द्या. मग ज्वारीत लाकडी बैल लपवा, बोटं आपोआप आत जातात. कोरडं आधी, ओलं शेवटी. कणीक आधी जाड पिशवीत बांधून दाबू द्या, उघडी नंतर. शेजारी पाणी आणि पंचा ठेवा. हवं तेव्हा हात धुता येतो, हे कळलं की मूल धीर धरतं. पाच मिनिटं पुरे. आणि हात धरून बळंच खुपसू नका. आत्या-मावश्या हे फार हौसेनं करतात!

आता महत्त्वाचं. जालना बियाण्यांचं गाव. पेरणीच्या पिशवीतलं गुलाबी, निळं बियाणं खेळायला कधीच देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. खाण्याचंच धान्य घ्या. तीन वर्षांखालच्या मुलाला दाणे नकोत, नाकात-घशात जातात; त्याला गोधडी, गोणपाट, नारळाची शेंडी हाताळू द्या. मोठ्यांच्याही जवळ बसा.

या खेळांनी सवय होते; हा इलाज नव्हे. नुसता चिखल नकोसा वाटणं म्हणजे स्वमग्नता, असंही नाही. पण मूल मोजकंच खात असेल, कपडे सहन होत नसतील, बोलणं मागे असेल, तर थांबू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत, शाळेत तपासणी करतात. त्यांना 'चिडका आहे' एवढंच सांगू नका. कोणता कपडा, कोणता घास, किती वेळ रडतो, हे आठवडाभर वहीत लिहून न्या.