आधी ब्रेक, मग इंजिन

पोमोनाच्या बाजारात उजाडायच्या आत पोचावं लागतं. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, फेअरप्लेक्सच्या मैदानावर वर्षातल्या काही रविवारी जुन्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग विकायला येतात. अंधारात लोक टॉर्च घेऊन एक्सल, रेडिएटर, दिव्यांच्या काचा चाचपत फिरतात. आमच्या शेजारचा एक तरुण मला इथं घेऊन येतो. तो टायरच्या दुकानात काम करतो आणि दर पगारातून पहिल्या हॉट रॉडसाठी, म्हणजे जुनी गाडी हलकी करून वेगासाठी नव्याने बांधलेल्या गाडीसाठी, काही रक्कम बाजूला टाकतो.

हे वेड मुळात कमी पगाराच्या पोरांचंच. 1932 साली फोर्डने सामान्यांना परवडेल अशा गाडीत 221 घनइंचाचं, 65 अश्वशक्तीचं व्ही-8 इंजिन घातलं. दक्षिण कॅलिफोर्नियातली मुलं अशा जुन्या गाड्या घेत, मडगार्ड उतरवून त्या हलक्या करत आणि म्युरॉक, एल मिराज इथल्या कोरड्या तलावांच्या सपाटीवर पळवत. 1937 मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना बांधली. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या जवानांनी हा नाद आणखी वाढवला, आणि जानेवारी 1948 मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकही निघालं.

आज 1932 चा मूळ पत्र्याचा, उघड्या टपाचा फोर्ड रोडस्टर शेजारच्या या तरुणाच्या आवाक्यात नाही. म्हणून त्याने फोर्डचंच त्याआधीचं मॉडेल ए निवडलं. 1927 ते 1931 या काळात अशा 48 लाखांहून अधिक गाड्या बनल्या, त्यामुळे अजूनही चेसी मिळते. त्याने पहिला मोठा खर्च केला तो चेसी आणि तिच्या कागदांवर. चेसीवर ठोकलेला क्रमांक आणि मालकीच्या कागदावरचा क्रमांक जुळला नाही, तर पुढे नोंदणीला गाडी अडकते.

मग ब्रेक. मॉडेल एचे ब्रेक सळयांनी ओढले जातात. फोर्डने 1939 मध्ये हायड्रॉलिक ब्रेक आणले, आणि 1939 ते 1948 च्या गाड्यांचे ते ब्रेक जुन्या गाडीला थोड्या फेरफाराने बसवता येतात. तो ड्रम उचलतो, आतल्या कडेवर नख फिरवतो. झिजून धार आली असेल तर घासाघीसही न करता पुढे जातो. स्पिंडलचे आटे एकेक करून बघतो. मास्टर सिलिंडर मात्र नवाच घ्यायचा, हे त्याने ठरवून टाकलंय. मला ते शंभर टक्के पटतं.

खरी परीक्षा इंजिनपाशी. एका विक्रेत्याकडे फोर्डच्या त्या जुन्या व्ही-8 चा, म्हणजे फ्लॅटहेडचा, नुकताच रंगवलेला ब्लॉक होता, किंमतही त्याच्या खिशातल्या पैशांत बसणारी. या इंजिनात जळालेला वायू ब्लॉकच्या आतूनच बाहेर पडतो. ब्लॉक तापतो आणि व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत तडे जातात. रंगाखाली ते दिसत नाहीत. मशीन शॉपमध्ये ब्लॉक चुंबकित करून त्यावर लोखंडाची भुकटी टाकतात, तेव्हा भुकटी तड्यावर गोळा होऊन रेघ उमटते. तपासून घेतो, तडा निघाला तर परत घ्याल का, असं त्याने विचारलं. उत्तर नकारार्थी आलं. तो बराच वेळ ब्लॉकवर हात ठेवून उभा राहिला, मग पैसे न काढता निघाला. इतके महिने साठवलेले पैसे जवळ असताना असं निघणं मला फार मोठं वाटलं.

आता तो शेवरोलेच्या 350 घनइंची इंजिनाचा विचार करतोय. ते दशकानुदशकं बनलं, भाग कुठंही मिळतात. जुन्या वळणाचे लोक नाकं मुरडतात, पण तलावांवरची मुलंही परवडेल आणि पळेल तेच इंजिन घालायची. यात परंपरा मोडत नाही, उलट चालूच राहते.

पहिली हॉट रॉड जमवायला निघालेल्यांना माझं एकच सांगणं: कागद, चेसी आणि ब्रेक पुरे होईपर्यंत इंजिनचे पैसे बँकेतच राहू द्या.