औषध फुकट, पण दिवस फुकट नसतो

दवाखान्याच्या नोंदीत ‘गैरहजर’ असा शेरा पडला, की लोक चटकन म्हणतात, “औषध फुकट मिळते, तरी यांना आणायला जमत नाही!” वाचकहो, औषध फुकट आहे हे खरेच. पण ते आणायला जो दिवस मोडतो, तो फुकट नसतो.

क्षयाचेच उदाहरण घेऊ. साध्या क्षयाला आज सहा महिने रोज गोळ्या घ्याव्या लागतात. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. थुंकीची तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत. हे झाले कागदावरचे. आता बीड जिल्ह्यातली एखादी वाडी डोळ्यांपुढे आणा. दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीला निघतो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, आणि ती आईच्या दुखण्यात नाहीतर पोरीच्या लग्नात खर्चूनही गेलेली. फडावर एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडतेच, वर दंडही कापला जातो. अशा बाईला क्षय निघाला, गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या संपत आल्या तेव्हा ती परमुलखात आहे. गावचे आरोग्य केंद्र मागे राहिले. इथला दवाखाना कोणत्या वाटेला, हेही ठाऊक नाही. २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीचे तिकीट निम्मे झाले, ही मोठी सोय. पण फडापर्यंत एसटी येत नाही, आणि बुडालेला रोज काही निम्म्याने बुडत नाही.

त्यात हा रोग फसवा. महिना-दोन महिन्यांत ताप उतरतो, अन्न गोड लागते, अंगावर मांस धरते. हातात कोयता असलेल्या माणसाला वाटते, झालो बरा. गोळ्या सुटतात. अर्धवट मारलेले जंतू मात्र आत राहतात, आणि त्यातले काही औषधाला दाद देईनासे होतात. रोग उलटला, की नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत. शिवाय तोच हट्टी क्षय कोपीतल्या लेकराबाळांनाही लागू शकतो.

गरिबी नुसती पैशाची असते असेही नाही. नव्या सुनेला क्षय निघाला, तर तिची रवानगी माहेरी होते, कधी कायमची. म्हणून ती गोळ्या धान्याच्या डब्यात लपवते. या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. तो औषधाचाच रंग, भिण्यासारखे काही नाही. पण हे तिला कोणी सांगितलेले नसेल, तर ती घाबरून जाते. तारखेला निघावे तर घरातून प्रश्न येतो, “आज कुठं?” याला दरमहा नवे उत्तर कुठून आणायचे? शेवटी एका तारखेला ती जात नाही. शेरा तिच्याच नावावर पडतो.

एक जुनी हकिकत सांगण्याजोगी आहे. मद्रासला गरीब वस्तीतल्या क्षयरोग्यांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काहींवर घरीच उपचार केले. त्याचा निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाला. घरी राहिलेल्यांना ना तसा आहार होता, ना तशी विश्रांती. तरी वर्षाअखेर दोन्हीकडचे रोगी जवळजवळ सारखेच बरे झाले. या गोष्टीची अर्धी बाजूच सांगितली जाते, असे मला वाटते. घरच्या रोग्यांना तिथे वाऱ्यावर सोडलेले नव्हते. कर्मचारी त्यांच्या दारी जात, गोळ्या मोजून पाहत. दारिद्र्य होते तसेच होते. विचारणारे माणूस मात्र घरी येत होते.

आपल्याकडे आज हे काम बरेचसे आशाताईच्या पायांवर चालते. तेव्हा तोडीला निघण्याआधी तिला गाठा. क्षयरोग्याची नोंद ‘निक्षय’मध्ये असते. तो क्रमांक जवळ ठेवला, तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यातही तेच उपचार पुढे चालू करता येतात. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पैसे बँकेच्या खात्यात येतात, म्हणून पासबुकाचे काम आधी उरकून घ्यावे. अडले तर १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर विचारता येते.

आणि ज्यांच्या रानात टोळी उतरते, त्या बागायतदार बंधूंनो, तुमच्या बांधावरच्या कोप्यांतून रात्री खोकला ऐकू येत असेल. तो दोन आठवड्यांवर गेलेला असेल, तर थुंकी तपासायला हवी. तुमची मोटारसायकल तशीही बाजाराला जातेच. एका खेपेला मागच्या सीटवर त्या माणसाला घ्या, आणि मुकादमाला सांगा की आजचा खाडा धरायचा नाही.