चार महिन्यांचा संसार आणि कायदा

लग्नाला चार महिने झाले नाहीत तोच मुलगी माहेरी परत आली, की गावात दोन वाक्ये हमखास कानावर येतात. ‘एवढ्याशा संसाराचा हक्क तो कसला?’ हे एक, आणि ‘स्टँपपेपरवर सह्या करा नि मोकळे व्हा’ हे दुसरे. इंदापूर तालुक्यातल्या शेळगावासारख्या गावी वडीलधारी मंडळी हे चांगल्या हेतूनेच बोलतात. पण कायद्यापुढे ही दोन्ही वाक्ये टिकत नाहीत. कशी, ते पाहू या.

प्रथम काडीमोडीचे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे लग्न मोडायचे ते न्यायालयातच. एखाद्या जातीत काडीमोडीची जुनी रूढी असेल, तर तिला कायद्याने वाव ठेवला आहे. मात्र ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही. लग्नाला वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज सहसा करता येत नाही; विलक्षण हाल होत असतील तरच न्यायालय परवानगी देते. पण हे बंधन घटस्फोटाच्या अर्जाला आहे, पोटगीच्या अर्जाला नव्हे, हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट स्त्रीधनाची. वधूला माहेरहून वा सासरहून मिळालेले दागिने आणि भेटी तिच्या एकटीच्या मालकीच्या. सासरी ठेवल्या, तरी ती केवळ ठेव, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले. संसार दहा दिवसांचा की दहा वर्षांचा, हा प्रश्न इथे येतच नाही. म्हणून सराफाच्या पावत्या आणि लग्नातले फोटो जपून ठेवावेत.

तिसरी पोटगी. जिला स्वतःचा निर्वाह करता येत नाही, अशी घटस्फोटितासुद्धा पुनर्विवाह होईपर्यंत ती मागू शकते. पूर्वी फौजदारी संहितेचे १२५ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे. मुलगी जिथे राहते, तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही हा अर्ज चालतो.

नागपूरचा एक खटला पाहा. मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये, पत्नीने घर सोडले. कौटुंबिक न्यायालयाने २०१५ साली तिला दरमहा १५,००० रुपये अंतरिम पोटगी दिली, शिवाय मुलासाठी वेगळी. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम कायम केला आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी, असे सांगितले. मात्र त्याच निकालात असेही म्हटले आहे, की कायम पोटगी ठरवताना लग्न किती काळ टिकले हे पाहावे. म्हणजे अल्पकाळाच्या संसाराने रक्कम कमी होऊ शकते, हक्क बुडत नाही.

नवऱ्याच्या जमिनीत मात्र घटस्फोटाने हिस्सा मिळत नाही. तरीपण कायम पोटगीच्या रकमेचा बोजा त्याच्या स्थावर मिळकतीवर ठेवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. आणि हिंदू विवाह कायद्याखाली गरजू नवराही पोटगी मागू शकतो, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा ‘पोटगी सोडली’ असे लिहिलेला कागद कोणी पुढे केला, तर सहीची घाई करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. आधी त्याला कागद दाखवा. सही करायची की नाही, ते मग ठरवा.