जळकं ऑइल

परभणीत गाडीला खड्ड्यांपेक्षा धूळ जास्त खाते. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा उडतो, पारा ४५ अंशांना टेकतो. मानवत-सेलूकडे जिनिंगच्या दिवसांत तर कापसाचे तंतूही रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतात. कंपनीच्या पुस्तिकेत धुळीच्या रस्त्यांसाठी कमी किलोमीटरचं वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं. ते पान उघडणारा विरळाच.

माझी गाडी जुनी अल्टो, ७९६ सीसीची. एअर फिल्टरला मिस्त्री लागत नाही. डब्याच्या क्लिपा सोडल्या की फिल्टर हातात येतो. घड्यांमधली माती हलकेच आपटून झाडायची. हवा मारायची ती आतून बाहेर. उलटी मारली तर धूळ कागदातच रुतते. मग उजेडासमोर धरायचा. पलीकडचा उजेड दिसेना, तर नवा टाकायचा.

ऑइल काढताना इंजिन कोमट हवं, म्हणजे गाळ ऑइलबरोबर वाहून येतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, खाली स्टँड हवेतच. चेंबरचा बोल्ट परत बसवताना वायसर नवा घ्यावा आणि बोल्ट आधी बोटांनीच फिरवावा. आटे नीट धरले की मग पाना. घाई केली आणि आटे गेले, तर मजुरीत वाचलेले पैसे चेंबरमध्ये जातात. तीनेक लिटर जळकं ऑइल डब्यात पडतं ना पडतं, तोच ते मागायला कुणीतरी येतं. वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या मेढींना फासायला लागतं. नालीत ओतण्यापेक्षा बरं म्हणायचं, पण तेही शेवटी मातीतच मुरतं. भंगारात ऑइल घेणारा मिळाला तर त्यालाच द्यावं.

खरं सांगायचं तर मजुरीत फार काही वाचत नाही. वाचतं ते खाली वाकून बघण्यात. परवा ऑइल गळत असताना सहज चाकाच्या आतल्या बाजूला बॅटरी मारली, तर रिमवर ग्रीसचे शिंतोडे. एक्सलचं रबरी बूट चिरलं होतं. असंच महिनाभर चालवलं असतं, तर धूळ आत शिरून अख्खा जॉइंट गेला असता. बूट काही शेकड्यांत येतं, जॉइंट हजारांत.

हे काम माझ्या आवाक्यातलं नव्हे. ब्रेकलाही मी हात लावत नाही. गॅरेजवर जाऊन म्हटलं, “उस्ताद, डाव्या चाकाचं बाहेरचं बूट चिरलंय. वळताना कटकट वाजत नाही अजून.”

उस्तादांनी खाली डोकावून पाहिलं आणि फक्त बुटाचा भाव सांगितला.