बाईंच्या बाई

पॅरिस ऑपेराच्या बॅले नर्तकाला वयाच्या ४२व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. तसा नियमच आहे, आणि मागे पेन्शनही आहे. आपल्याकडे बिरजू महाराज दिल्लीच्या संगीत भारतीत नृत्य शिकवू लागले तेव्हा ते १३ वर्षांचे होते. वडील अच्छन महाराज गेले तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा, आणि घर तर चालवायचे होते.

नर्तकाच्या आयुष्याचे आपल्या डोक्यातले चित्र साधारण पॅरिसचे असते. आधी रंगमंच, टाळ्या, दौरे. मग गुडघे कुरकुरू लागले की क्लास. इथले दाखले एकेक करून पाहायला बसले की हा क्रम फारसा टिकत नाही.

रोहिणी भाटे १९४६ साली फर्ग्युसनमधून बी.ए. झाल्या. त्याच वर्षी जयपूर घराण्याच्या सोहनलालांकडे त्यांचे कथकचे शिक्षण सुरू झाले, आणि १९४७मध्ये त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती' काढली. वय २२. लखनौ घराण्याचे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडची अनेक वर्षांची तालीम पुढची. म्हणजे बाई शिकवत होत्या आणि शिकतही होत्या. सकाळी शिष्या, संध्याकाळी गुरू, असे म्हटले तरी चालेल.

त्या काळच्या पुण्यात 'नाच' हा शब्द घरात मोठ्याने उच्चारायचा नव्हता. 'नृत्य' म्हटले की थोडे निभावायचे. त्याआधी खंडाळ्याला एक प्रयत्न होऊन गेला होता. मादाम मेनका, म्हणजे लीला सोखी, १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या नृत्यस्पर्धेत गाजल्या आणि १९४१मध्ये त्यांनी खंडाळ्यात 'नृत्यालयम्' उघडले. दमयंती जोशी लहानपणापासून त्यांच्याच पथकात वाढल्या. १९४७ साली मेनका गेल्या, आणि त्याच वर्षी घाटाच्या अलीकडे पुण्यात रोहिणीताईंचा क्लास सुरू झाला. याला योगायोगच म्हणायचे.

नाचणे आणि शिकवणे यांत मोठा फरक आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. नाचणाऱ्या अंगाला तिहाई कळलेली असते. 'तिग्धा दिग दिग थेई' तीनदा आले आणि शेवटच्या 'थेई'ला सम सापडली की काम झाले. शिकवणाऱ्या बाईंना मात्र ती कितव्या मात्रेवरून उचलायची ते सांगावे लागते, हातावर ताल धरून पढंत करावी लागते. समोर तोंड करून उभे राहायचे तर स्वतः डावा हात उचलून तोंडाने 'उजवा' म्हणावे लागते. जी गोष्ट अंगात मुरलेली असते ती बाहेर काढून तिचे तुकडे पाडायचे, आणि ते पुन्हा जोडता येतील असे पाडायचे. उत्तम नाचणाऱ्या अनेकांना हे जमत नाही. आमच्या घरी बहिणीच्या क्लासमुळे आईलासुद्धा तीनताल पाठ झाला होता, पण तिहाई का चुकते हे बहिणीला कधी सांगता आले नाही. ती 'चुकतेय' एवढेच म्हणायची.

रोहिणीताईंनी हे सांगण्याचे काम कागदावरही केले. कथकमध्ये ही गोष्ट दुर्मीळ होती. 'माझी नृत्यसाधना' हे आत्मकथन, 'लहजा' हे पुस्तक, शिवाय इझाडोरा डंकनच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद. कथकच्या बाईंना त्या अमेरिकन नर्तकीत काय दिसले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझा तर्क असा, की नाचाबद्दल स्वतःच्या शब्दांत बोलणारी दुसरी बाई त्यांना तिथे भेटली. कालिदासाचे 'ऋतुसंहार' आणि ऋग्वेदातले उषासूक्त त्यांनी कथकमध्ये बसवले, संगीताचा विचारही स्वतःच केला. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राच्या कथक अभ्यासक्रमालाही त्यांचा हात लागला. शमा भाटे यांचे 'नादरूप', प्रेरणा देशपांडे यांचे 'नृत्यधाम' या पुढच्या फांद्या.

'बसवणे' या शब्दावर जरा थांबतो. कोरिओग्राफीला मराठीत घरगुती शब्द आहे : नाच बसवणे. गॅदरिंगचा नाच बसवतात, गाणे बसवतात. या एका क्रियापदात रचणेही आले आणि समोरच्याच्या अंगात उतरवणेही आले. नृत्यदिग्दर्शक आणि शिक्षक ही दोन माणसे भाषेने वेगळी मानलेलीच नाहीत.

मुंबईच्या स्टुडिओत तर ती वेगळी नव्हतीच. सरोज खान, मूळच्या निर्मला नागपाल, जन्म १९४८. आधी बालकलाकार, मग ग्रुप डान्सर, मग बी. सोहनलाल यांच्या असिस्टंट. असिस्टंटने काय करायचे? मास्टरजींनी सुचवलेली स्टेप लक्षात ठेवायची, हीरोइनला शिकवायची, ग्रुपकडून घोटून घ्यायची. म्हणजे शिक्षिकेचेच काम, फक्त नाव दुसऱ्याचे. १९७४मध्ये साधनाने 'गीता मेरा नाम' दिग्दर्शित केला आणि त्यात सरोज खानना पहिल्यांदा स्वतंत्र काम मिळाले. त्यानंतर 'मिस्टर इंडिया'तले 'हवा हवाई' येईपर्यंत १३ वर्षे गेली. पुढच्याच वर्षी 'तेजाब'चे 'एक दो तीन' आले, आणि १९८९मध्ये फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार सुरू करून तो पहिल्यांदा त्यांना दिला. तेव्हा त्या चाळिशीत होत्या. पॅरिसमध्ये असत्या तर निवृत्तीच्या अर्जाची तयारी करत असत्या.

सिनेमावाल्यांना घराणे नसते असे म्हणतात. मला ते पटत नाही. सोहनलालांकडून सरोज खान, त्यांच्या हाताखाली अहमद खान (तोच 'मिस्टर इंडिया'तल्या पोरांतला एक), त्यांनी १९९५मध्ये 'रंगीला'ची गाणी बसवली तेव्हा त्यांचा असिस्टंट रेमो डिसूझा. गंडा बांधला नाही, नारळ फोडला नाही, पण ओळ सरळ आहे. बाई असूनही सरोज खानना सेटवर 'मास्टरजी'च म्हणत. पुढे 'नच ले वे विथ सरोज खान' या कार्यक्रमातून त्यांनी टीव्हीवर घरोघरच्या प्रेक्षकांनाही स्टेप शिकवल्या.

२००२च्या 'देवदास'मध्ये दोन्ही वाटा एकत्र आल्या. 'काहे छेड़ मोहे' बिरजू महाराजांनी बसवले, 'डोला रे डोला' सरोज खान यांनी. दोन्हींत नाचली माधुरी दीक्षित, लहानपणापासून कथक शिकलेली मराठी मुलगी. राष्ट्रीय पुरस्कार 'डोला रे'ला मिळाला.

आता 'बाई' या शब्दाकडे येतो. क्लासमधल्या त्या बाई, आणि फडावरचीही बाईच. पहिल्या 'बाईं'पुढे आपण चप्पल काढतो. दुसरीबद्दल बोलताना आवाज बदलतो. लावणीच्या यमुनाबाई वाईकर १९१५ साली जन्मल्या आणि २०१८ साली गेल्या. १९७७मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२मध्ये पद्मश्री. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर वेळी तिचा अर्थ डोळ्यांनी, भुवईने, मनगटाने वेगळा करायचा. लखनौच्या कथकमध्ये बसून ठुमरीवर भाव करतात, त्याच्याशी याचे नाते इतके जवळचे आहे की यातली एक विद्या 'शास्त्रीय' आणि दुसरी 'लोककला' का, हे मला आजवर कुणी नीट समजावलेले नाही.

लावणीच्या संगीतबारीतही नाचणारी पुढे शिक्षिका होते. वय झाले की ती पार्टीची मालकीण होते, किंवा मागे बसून गाते, आणि भाचीला, नातीला तयार करते. फी नाही, विशारद नाही, अलंकार नाही, गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांनी कथक आणि भरतनाट्यम् गावोगाव नेले, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच परीक्षांमुळे रंगमंचावर तासभर एकटी कधीच न नाचलेली मुलगी विशारद होऊन क्लास काढू शकते, आणि चाळीस वर्षे बारीत नाचलेल्या बाईला शिकवण्याचे प्रमाणपत्र नाही. हा उफराटा न्याय आहे. अलीकडे थोडे बदलते आहे. शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या कलावती लावणीच्या कार्यशाळा घेतात, आणि तिथे शहरातल्या मुली, मुलगेही, वही घेऊन बसतात.

त्या वहीसाठीच एक विनंती. घरातली मुलगी क्लासला जात असेल, तर तिच्या बाईंना विचारा, तुमच्या बाई कोण, आणि त्यांच्या कोण. चौफुल्याला किंवा मोडनिंबला बारी बघायला गेलात, तर मागे बसून गाणाऱ्या वयस्क बाईंनाही हेच विचारा. जी नावे मिळतील ती तिथल्या तिथे लिहून घ्या.